वकिलांची फियाट

जुनी मोटार जाहिरातीत क्वचितच सापडते. जाहिरातीत येते ती आधीच दोन-तीन दलालांच्या हातून गेलेली असते. रंग नवा, सीटकव्हरं नवी, भावही नवा. अस्सल जुनी गाडी माणसांच्या बोलण्यात असते. पेट्रोलपंपावरचा केस पिकलेला नोकर, विम्याचा एजंट, गावातला एकुलता एक रेडिएटरवाला, यांना नेमकं ठाऊक असतं की कुठल्या आळीत, कुठल्या पत्र्याच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली काय उभं आहे. त्यांच्यापाशी घाई चालत नाही. बसावं, चहा घ्यावा, ऊसदरावर बोलावं, कोयनेच्या पाण्यावर बोलावं. मग उठता उठता ते सांगतात. कऱ्हाडची फियाट मला अशीच एका बॅटरीवाल्याकडून कळली. "वकीलसाहेबांची अकराशे हाय की शनिवार पेठंत," तो म्हणाला. "साहेब गेलं, गाडी हाय तशी हाय. काकू कुणाला दावत न्हाईत. तुमी जाऊन बगा."

मी फियाटच शोधत होतो. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते तेव्हा गर्दीत टाचा उंचावून मीही ती बघतो. पण संस्थानिकांच्या गाड्या जपायला माणसं आहेत, क्लब आहेत, दर वर्षी रॅली आहेत. फियाट अकराशे ही डॉक्टरांची, वकिलांची, कापडदुकानदारांची, साखर कारखान्यातल्या केमिस्टची गाडी. नंबर लावून, वाट बघून, पै-पै जोडून घेतलेली. म्हणूनच ती आपल्या घरांच्या इतिहासाचा भाग आहे, आणि म्हणूनच तिच्याकडे इतिहास म्हणून कुणी बघत नाही.

तिचं माहेर कुर्ला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स उभी केली. आधी तिथं डॉज, प्लिमथ, डिसोटो या अमेरिकन गाड्या जोडल्या जात. मग इटलीच्या फियाटशी करार झाला आणि पन्नासच्या दशकात अकराशे आली. पुढून फुगीर नाकाची ती पहिली, जिला उभा महाराष्ट्र लाडानं डुक्कर फियाट म्हणत असे. १९६४ मध्ये डिलाइट आली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ताकद जेमतेम चाळीस घोड्यांची. त्याच गाडीचं पुढं प्रेसिडेंट झालं आणि मग पद्मिनी. पद्मिनीनं काळा-पिवळा रंग लेवून मुंबईला दशकानुदशकं वाहिलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ ला, आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ती रस्त्यावरून उतरली. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर आता कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत.

या गाडीबद्दलची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९६४ साली, पंतप्रधान असताना, लालबहादूर शास्त्रींनी डिलाइट घेतली. किंमत बारा हजारांच्या घरात. तेवढे पैसे त्यांच्यापाशी नव्हते, म्हणून पंजाब नॅशनल बँकेकडून ५,००० रुपयांचं कर्ज काढलं. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला त्यांचं निधन झालं तेव्हा कर्ज फिटायचं होतं. ललितादेवींनी ते पेन्शनमधून फेडलं. ती गाडी दिल्लीत त्यांच्या स्मारकात आजही उभी आहे. कुर्ल्यात ज्या रस्त्यावर हा कारखाना होता त्या रस्त्याला आज शास्त्रीजींचंच नाव आहे. देशाच्या पंतप्रधानाला जी गाडी हप्त्यानं घ्यावी लागली, ती कऱ्हाडच्या एका वकिलानं कशी घेतली असेल, याचा विचार मी शनिवार पेठेत शिरताना करत होतो. त्यांची गाडी १९६६ ची.

शेड म्हणजे जुना गोठा. दावणीचे दगड अजून जागेवर होते. काकूंनी स्वतः ताडपत्रीचं एक टोक धरलं, दुसरं मी. खाली फिकट राखी रंगाची गाडी, टायर जमिनीला टेकलेले, पण उभी राहण्याची ऐट तशीच. डिलाइटची पुढची दारं उलटी उघडतात. मधल्या एका खांबाला चारही दारं टांगलेली, त्यामुळे पुढचं-मागचं दार एकदम उघडलं की गाडी दोन्ही बाजूंनी पंख पसरते. आत सलग लांब सीट. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खालीच. मीटरच्या काचेमागे एक वाळलेला कोळी.

मी खिशातून लोहचुंबक काढलं, मऊ फडक्यात गुंडाळलं आणि पत्र्यावरून हलकेच फिरवू लागलो. चांगल्या पत्र्याला चुंबक धरून राहतं. जिथं खड्डा लांबीनं भरून वर रंग मारलेला असतो तिथं ते सुटतं. मडगार्ड, दारांचे खालचे काठ, डिकीचं झाकण, सगळीकडे ते चिकटत गेलं. मागच्या डाव्या दारावर सुटलं.

"तेवढंच दार," काकू म्हणाल्या. "एस.टी.नं घासलं होतं पाटणच्या फाट्यावर. बाकी कुठं लांबी नाही. बघा तुम्ही, पण नाही."

अकराशे घेताना पत्रा बघतात तो चकाकीसाठी नव्हे. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा. इंजिन दुसरं बसवता येतं, गिअरबॉक्स मिळतो, पण फरशी आणि दारांखालचे पोकळ पट्टे सडले की गाडीच उरत नाही. मी चटई उचलली. चालकाच्या पायाखाली तळहाताएवढ्या जागी पत्रा बिस्किटासारखा झाला होता. डिकीत स्टेपनीच्या खोलगटातही पाणी साचून गंज होता. पण कडेचे पट्टे धड होते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत गेलो तर आवाज भरीव आला.

मला वाटत होतं, अवघड काम पुढंच आहे. नवऱ्याच्या मागे इतकी वर्षं सांभाळलेली वस्तू मागायची कशी? पण काकूंनी मला ओटीवर बसवलं, आतून एक फाइल आणली आणि माझ्यापुढे उघडली. आरसी बुक. पहिली विक्रीपावती. कराच्या पावत्या, वर्षावार लावलेल्या. विमा. गाडी वकिलांच्या नावावर होती, आणि मयत माणसाच्या नावावरची गाडी सरळ विकता येत नाही. आधी ती फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करावी लागते, बाकीच्या वारसांची संमती लागते. असे कितीतरी व्यवहार याच पायरीवर मोडतात. भावांमध्ये बोलणं नसतं, बहिणीची सही मिळत नाही, आणि तोवर गाडीवर झाड उगवतं. काकूंनी हे सगळं आधीच उरकलं होतं. मुलाची सही होती, कॅनडातल्या मुलीचीही होती. गाडी त्यांच्या स्वतःच्या नावावर झालेली होती.

"वकिलाच्या घरात चाळीस वर्षं काढली मी," त्या म्हणाल्या. "भाव मी सांगते. घासाघीस करायची नाही. दर पावसाळ्याच्या आधी या गोठ्याचे पत्रे बदलत आले, ते गाडीसाठी. आता कुणीतरी ती चालवा."

त्यांनी सांगितलेला भाव रास्त होता. मी तो दिला. निघताना त्यांनी एक पत्र्याची ट्रंक दाखवली. वकीलसाहेब गाडीचा कुठलाही भाग बदलला की जुना टाकत नसत. वर्तमानपत्रात गुंडाळून, वर तारीख लिहून ट्रंकेत ठेवत. तडा गेलेली टेललाइटची लाल काच, चेपलेला व्हीलकप, पुढच्या जाळीची एक पट्टी, दाराची मूठ. इंजिनाचे भाग पद्मिनीमुळे २००० सालाच्या आसपासपर्यंत बनत राहिले, त्यामुळे अजून कुठं ना कुठं सापडतात. डिलाइटच्या अंगावरच्या या खास वस्तू मात्र कुर्ल्याच्या किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात महिनोन्‌महिने हिंडूनही हाती लागत नाहीत. आणि ट्रंकेच्या तळाशी एक वही. त्यात पेट्रोलचे लिटर, ऑइल, ग्रीसिंग, पंक्चर, सगळं शाईनं. मी पानं उलटत गेलो आणि एका नोंदीवर थांबलो: ११ डिसेंबर १९६७. कोयनेचा भूकंप पहाटे झाला तो दिवस. वकिलांनी लिहिलं होतं, "पाटण, तीन फेऱ्या. मागची सीट धुणे." एवढंच. खालच्या ओळीत पेट्रोलचा हिशेब.

गाडी ट्रकवर घालून कोल्हापूरला नेली. शिवाजी उद्यमनगरात अजून अशी माणसं आहेत की ज्यांना अकराशे पुस्तकातून शिकावी लागली नाही. आमचे तात्या मिस्त्री त्यांतले. तात्यांनी पहिल्या दिवशी इंजिनाला हातसुद्धा लावला नाही. आधी ब्रेक. "थांबता येत नसंल तर चालू कशाला करायची?" चारही चाकांचे ड्रम उतरले; व्हील सिलिंडरांतले पिस्टन गंजून अडकले होते. पेट्रोलची टाकी काढली तर आत डिंकासारखा थर, आणि त्याचा तो आंबूस वास सबंध गल्लीत. मग इंजिन. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या इंजिनाला बॅटरी लावून सेल्फ मारणं हा घात असतो. रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात, त्या तुटतात, भिंतीवर ओरखडे पडतात. तात्यांनी प्लग काढले, प्रत्येक भोकात रॉकेल आणि ऑइल यांचं मिश्रण ओतलं आणि गाडी तशीच ठेवली. अधूनमधून पुढच्या पुलीला पाना लावून हातानं हलकेच बघायचे. हलत नाही म्हटलं की पाना खाली ठेवायचे. एके दिवशी दुपारी पुली करंगळीच्या पेराएवढी फिरली. तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी चहा मागवला, सगळ्यांना.

रंगावरून आमचं जरा वाजलं. पेंटरला सगळी गाडी घासून नव्या मेटॅलिक रंगात चमकवायची होती. गिऱ्हाइकांना तेच हवं असतं असं त्याचं म्हणणं. मला ते मान्य नव्हतं. डॅशबोर्डच्या खालच्या बाजूला, जिथं ऊन कधी पोचलंच नव्हतं, तिथं कारखान्याचा मूळ राखी रंग जसाच्या तसा होता. त्यावरून छटा जुळवली, फक्त दुरुस्त केलेल्या पत्र्यावर ड्युको मारला आणि बाकीचा जुना रंग कटिंग करून उजळला. जवळून बघितलं तर दोन्हींतला फरक दिसतो. तो दिसावा. जुन्या गाडीचं मोल तिच्यात जे बदललेलं नाही त्यात असतं, हे माझं पक्कं मत आहे. सरकारी नियमही आता तेच म्हणतो. जुलै २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते, पण ती मूळ रूपात असली पाहिजे. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेला चालत नाही. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि आधीचा नंबर तसाच ठेवता येतो. क्लबातले जाणकार १९६६ च्या गाडीला क्लासिक म्हणतील, पण कायद्याच्या हिशेबी ती व्हिंटेज ठरते. मी ती नोंदणी केली नाही. कारण अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. मला वाटतं, भाजी आणायला जाणारी फियाट हीच खरी फियाट. म्हणून फिटनेस तपासणी, पर्यावरण कर आणि नेहमीच्या नोंदणीचं नूतनीकरण, हा लांबचा रस्ता धरला.

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट लागतो. उन्हाळ्याच्या दुपारी, दुसऱ्या गिअरमध्ये, ट्रकांच्या मागे मागे चढताना अकराशे कधीकधी मान टाकते. इंजिनाच्या तापानं पेट्रोल पंपातच उकळतं, वाफ धरते आणि कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोचत नाही. मग बाजूला घ्यायचं, बॉनेट उघडायचं, त्या पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि दरीकडे बघत उभं राहायचं. कुणी ना कुणी थांबतोच. "आमच्याकडे होती" या दोन शब्दांनी सुरू झालेली बोलणी त्या घाटात मी खूप ऐकली आहेत. कुणाच्या आत्याची वरात, कुणाच्या आजोबांचा शेवटचा दवाखाना, कुणाला नीरेच्या पुलावर गाडी शिकवणारे काका. फडकं वाळेपर्यंत गोष्ट पुरी होते, मग गाडी सुरू होते. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. पाइप फुगतात, झिरपतात. कृष्णाकाठच्या उसाचं इथेनॉल आणि कृष्णाकाठची गाडी, दोघांचं जमवून घ्यायला आम्ही सगळ्या नळ्या आणि पंपाचा पडदा बदलून घेतला.

आता विकण्याबद्दल. ही गाडी घेतानाच मी ठरवलं होतं की ती एक दिवस विकायची. लोकांना हे विचित्र वाटतं. इतकी मेहनत घेऊन विकायची कशाला, असं विचारतात. पण मी जितक्या मेलेल्या फियाटी पाहिल्या त्यांतल्या बहुतेक विकलेल्या नव्हत्या, न विकलेल्या होत्या. "वडिलांची आहे, विकायची नाही" या वाक्यानं जेवढ्या गाड्या मारल्या तेवढ्या भंगारवाल्यांनी मारल्या नसतील. गाडी उभी राहिली की सील वाळतात, पेट्रोलचा डिंक होतो, ब्रेक धरतात, उंदीर वायरिंग खातात, आणि मालकाच्या मनात मात्र ती तशीच चकचकीत असते. चालती गाडी सांभाळायला जागा लागते, वेळ लागतो, अंगात थोडी रग लागते. ज्याच्याकडे हे तिन्ही असेल त्याच्याकडे ती वेळेवर गेली पाहिजे. आमची सोसायटी पुनर्विकासाला निघाली आणि भाड्याच्या घराला पार्किंग मिळालं ते उघड्यावर, शिरीषाच्या झाडाखाली. दुसरा पावसाळा यायच्या आत मी शब्द टाकला. जाहिरात दिली नाही. त्याच बॅटरीवाल्याला सांगितलं.

गिऱ्हाइकं आली. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याला ती दारात चौथऱ्यावर मांडायची होती. त्यानं सगळ्यांत जास्त पैसे देऊ केले. लग्नाच्या वराती सजवणाऱ्या एकाला छत कापून उघडी गाडी करायची होती. एकाला आत नवं डिझेल इंजिन बसवायचं होतं, म्हणजे "टेन्शन नको". प्रत्येकाला मी चहा दिला आणि नाही म्हटलं.

मग इचलकरंजीहून एक तरुण आला. यंत्रमागाचे सुटे भाग लेथवर बनवतो. वडील मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालवायचे. आल्या आल्या त्यानं बॉनेट उघडायला सांगितलं नाही. रस्त्यावर गोणपाट अंथरलं आणि बॅटरी घेऊन गाडीखाली गेला. बराच वेळ आतून फक्त ठोकल्याचा आवाज येत होता. बाहेर आला तो म्हणाला, "फरशी कुणी केलीय? वेल्ड चांगलाय." मी त्याला दोन कागद दिले. एकावर गाडीत काय काय मूळचं नाही याची यादी, दुसऱ्यावर दुरुस्तीच्या आधीचे फोटो, सडलेल्या फरशीसकट. जुनी गाडी विकणाऱ्यानं हे दिलंच पाहिजे. लपवलेला गंज पुढच्या मालकाच्या पायाखाली उघडा पडतो, आणि त्यानं गाडीवरचा विश्वास उडाला की ती पुन्हा कुठल्या तरी शेडमध्ये जाते. त्यानं यादी ओळीओळीनं वाचली आणि भाव विचारला. हॉटेलवाल्यापेक्षा कमी, पण माझा खर्च निघून वर थोडं उरेल असा भाव मी सांगितला. नफा घेण्यात मला काही गैर वाटत नाही. या कामात पैसा फिरला तरच तात्यांसारख्यांची गॅरेजं चालतील.

कागदपत्रांसाठी चेसिस नंबरचा ठसा लागतो. त्यानं बॉनेटखाली नंबरावर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून घासू लागला. काळ्या शिसातून एकेक आकडा पांढरा वर आला, कुर्ल्यात १९६६ साली कुणीतरी हातोडीनं ठोकलेला. शेवटचा आकडा किंचित तिरका आहे. तो तिरकेपणाही कागदावर उमटला. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. ट्रंक दिली, वही दिली. वहीत माझ्याही नोंदी होत्या. त्याखाली त्यानं तारीख टाकून पेट्रोलचा पहिला आकडा लिहिला.

रात्री कऱ्हाडला फोन केला. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "एकोणतीस-तीस दोन्ही दिलेत ना? डिलिव्हरी नोट केलीत? वेळ लिहिलीत त्यावर?" मी हो म्हटलं. "मग झालं. त्या मुलाला म्हणावं, इकडं आलास की गाडी घेऊन ये. मला पाटणपर्यंत जायचंय."

तो घेऊन गेला होता, गेल्या दिवाळीत.

तुमच्या गावाकडच्या घरी, गोठ्यात, चिंचेखाली, बंद पडलेल्या राइसमिलच्या आवारात अशी एखादी अकराशे उभी असेल, तर माझं एवढं ऐका. सेल्फ मारू नका. पाण्यानं धुऊ नका. आधी कपाटातलं आरसी बुक शोधा, ते कुणाच्या नावावर आहे ते बघा, आणि बहीण-भावांच्या सह्या असतील नसतील त्या या वर्षी घेऊन टाका. मग गावातल्या रेडिएटरवाल्याला सांगा. भंगारवाला किलोवर भाव देतो. तो पुढच्या सालीही मिळेल, घाई नाही.